टिक्झमध्ये महिरपी कंस उलटा का येतो?

लाटेक या मजकूर-जुळणी प्रणालीत टिक्झ या चित्रं काढण्याच्या पॅकेजने प्रवाहआकृती काढताना चौकटी आणि बाण चटकन जमतात. बाणाला चौकटीचं नुसतं नाव द्या, तो कडेवरच थांबतो. नावापुढे ‘सेंटर’ (मध्यबिंदू) दिलंत की थेट मजकुरात घुसतो.

खरी अडचण महिरपी कंसाची. त्यासाठी ‘डेकोरेशन्स.पाथरिप्लेसिंग’ लायब्ररी हवी. कंसाचं टोक नेहमी रेघेच्या दिशेच्या डावीकडे वळतं: डावीकडून उजवीकडे काढलात तर वर, उलट काढलात तर खाली. म्हणून बिंदूंची अदलाबदल करा किंवा कंस उलटवणारा ‘मिरर’ हा पर्याय लावा. दोन्ही एकदम केलंत तर कंस पुन्हा पहिल्यासारखाच!

‘अँप्लिट्यूड’, म्हणजे कंसाची उंची, मुळात फक्त २.५ पॉइंट असतं, ते ५ करा. कंस रेघेपासून दूर सरकवणारा ‘रेझ’ ४ पॉइंट दिलात, तरी ‘मिडवे’ची (रेघेच्या मध्यावरची) चिठ्ठी मूळ रेघेवरच बसते आणि कंसावर चढते. तिला पुरेसा ‘वायशिफ्ट’ (उभी सरक) द्याच.