चुगलखोर गाडी

परवा दुपारी ठाण्यात तलावपाळीला गाडी लावून चालत मामलेदारला गेलो, मिसळ खाल्ली, वर अजून एक पाव मागवला, आणि रुमालाने घाम पुसत बाहेर येतोय तर बायकोचा मेसेज. "पाऊण तास झाला गाडी तलावपाळीला उभी आहे. तिखट बंद सांगितलंय ना?"

नवीन गाडीत सिमकार्ड असतं हे माहीत होतं, पण ते बायकोच्या पार्टीत आहे हे नव्हतं माहीत. अ‍ॅप मीच तिच्या फोनवर टाकून दिलं होतं, हौसेने.

बरं नुसती चुगली नाही, सारखी कटकट पण. शेजारच्या सीटवर कलिंगड ठेवलं तर त्याला बेल्ट लावा म्हणून टिंगटिंग. ऐंशीच्या वर गेलं की बीप, तो तर जुलै २०१९ पासून नियमच आहे, आणि त्याची मला तक्रार नाही कारण घोडबंदर रोडवर ऐंशी गाठायची सोय कुठंय. पण एसीचा पंखा कमी करायला रस्त्यावरची नजर काढून स्क्रीनवर बोटं नाचवायची? आधीच्या गाडीत गोल बटण होतं, अंधारात पण हाताला सापडायचं.

आमची पहिली गाडी फियाट. म्हणजे कागदावर प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण पद्मिनी कोणी म्हणायचं नाही. गिअर स्टिअरिंगला, थंडीत चोक ओढायचा, आणि पुढच्या दाराची ती छोटी त्रिकोणी काच तिरकी केली की थेट तोंडावर वारा, त्यासाठी माझी आणि ताईची मारामारी. मे महिन्यात नाशिकला निघालो की कसारा घाटात ती हटकून बसायची. पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची, मग पंप कितीही ओढला तरी पुढे काही येत नाही. बाबा शांतपणे बॉनेट उघडायचे, आई तांब्यातलं पाणी फडक्यावर ओतायची, ते फडकं पंपावर गुंडाळायचं आणि आम्ही सगळे कठड्याशी बसून दशम्या-चटणी खायची. अर्ध्या तासाने गाडी आपली चालू. कुणाला काही अपडेट करावं लागलं नाही.

ती विकली तेव्हा मला वाटलं तेवढं वाईट नाही वाटलं. पण ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली, ती बातमी वाचली आणि उगाच दोन दिवस चिडचिड झाली.

आणि ती फियाट मुकी होती असं मी सगळ्यांना सांगत फिरतो खरा, पण तेही अर्धंच. बाबा स्टेशनजवळ कुंजविहारला थांबून वडापाव खाऊन आले तर गाडी काही बोलायची नाही, हे बरोबर. पण नौपाड्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती सेकंडवर आली की एक विशिष्ट घरघर यायची, आई टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायची आणि उठून चहा टाकायची. बाबा वर येईपर्यंत उकळी.

आता आई आमच्याकडे असते, कासारवडवलीला, चौदाव्या मजल्यावर. कालही म्हणाली, "कधी आलास रे, गाडीचा आवाजच नाही आला." म्हटलं आई, इतक्या वर कुठली गाडी ऐकू येणार?

तरी सातच्या सुमारास ती रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज कमी करते.