एसडब्ल्यूआर चांगला, तरी रिपीटर लागेना

रत्नागिरीतला पावसाळा संपला की मी गच्चीवरच्या हॅम रेडिओच्या अँटेनाची केबल तपासतो. यंदा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून लहर किती परत येते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.२ दिसला, पण रिपीटर, म्हणजे आपला संदेश पुढे पाठवणारं केंद्र, काही लागेना. खराब केबल इथेच फसवते: परत येणारी लहर वाटेतच जिरते आणि मीटर छान आकडा दाखवतो.

मग अँटेनाकडचं टोक सोडवून मोकळं ठेवलं, खालून नॅनोव्हीएनए, म्हणजे केबल-अँटेना मोजणारं छोटं यंत्र, लावला. रिटर्न लॉस, म्हणजे मोकळ्या टोकापर्यंत जाऊन परत येताना लहरीची झालेली घट, ११ डीबी; एका बाजूचा निम्मा, ५.५. तीस मीटर आरजी-२१३ केबलला १४५ मेगाहर्ट्झवर तीनच्या आत हवा होता.

वरचा कनेक्टर कापला. आतली जाळी हिरवी-काळी, बोटाने चोळली तर भुकटी. दीड मीटर कापल्यावर लखलखीत तांबं दिसलं, तेव्हा कुठे जीवात जीव आला. नवा पीएल-२५९ कनेक्टर बसवला, त्यावर रबरी टेप ताणून गुंडाळली. आता लॉस २.७.