तक्रार बंद झाली

मंगळवार, रात्री

सकाळी सव्वासातला मोबाइलवर मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ मी तेव्हा फाटकापाशीच होते आणि पाचोळ्याची नऊ पोती माझ्यासमोर उभी होती. पण दिवसभर जीव लागला नाही तो त्या मेसेजमुळे नाही.

अण्णांच्या बदामाची पानगळ सुरू झाली की रोज सकाळी खराटा हातात येतो. तळहाताहून मोठी, लालभडक, जाड पानं. बादली भरायला दोन मिनिटं पुरतात. घंटागाडीत ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, आणि पाचोळा दोन्हीकडे चालत नाही. जाळायचा तर नाहीच. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार दंड, असा हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे, आणि सुमीच्या छातीची घरघर ऐकल्यापासून तो मला मनापासून पटतो. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा साठवा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी विल्हेवाट लावा. साठवला. आता सांगा ना कुणीतरी! उद्यान विभाग म्हणतो, आमच्याकडे रस्त्यावरची झाडं. घनकचरावाले म्हणतात, फांद्या-पाला उद्यानकडे. तीन आठवडे या मजल्यावरून त्या मजल्यावर. परवा वॉर्ड ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांत पाणी आलं. अण्णा असते तर... जाऊ दे.

म्हणून ॲपवर तक्रार टाकली. ‘घंटागाडी पाचोळा नेत नाही.’ एवढंच वाक्य.

आज गाडीबरोबर मुकादम आला. पोत्यांकडे पाहिलंही नाही. गाडीवरच्या मावशींना म्हणाला, “या बाईंनी वर तक्रार केलीय तुमची.” मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग रोजच्यासारखी बादली उपडी केली, झटकली, परत दिली. “येते ताई” मात्र म्हणाल्या नाहीत.

तुमची नव्हती हो तक्रार. हे मी तिथल्या तिथे का नाही म्हटलं? चार शब्द होते. मुकादम बोलत होता म्हणून? की क्षणभर वाटलं, बरं झालं, निदान कुणीतरी दखल घेतली? तसं वाटलं असेल तर फार वाईट. पुन्हा पुन्हा ते वाक्य वाचते आहे. मी लिहिलं ‘घंटागाडी’. गाडीवर कोण असतं ते मला ठाऊक नव्हतं का? गाडीत काय घ्यायचं हे मावशी ठरवत नाहीत, हेही ठाऊक होतं. आई गेली त्या दिवशी न सांगता पायऱ्या धुऊन गेलेल्या मावशी त्या.

शेखरला फोनवर सांगितलं, तर तो पुन्हा झाड काढायचंच बोलू लागला. विषय बदलला.

संध्याकाळी उठले आणि जुन्या कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मागच्या भिंतीशी गोल उभी केली. पोती फोडली. पानं तशीच टाकली तर खत व्हायला वर्ष जाईल, म्हणून पायाखाली तुडवून बारीक केली. प्रत्येक थरावर थोडी माती आणि शेणकाला शिंपडला. आंबट ताक होतं, तेही घातलं. चार पोती मावली. ओलावा धरून ठेवला तर पावसाळ्यानंतर काही हाती लागेल. उरलेली पाच आहेतच, आणि पानं काही थांबणार नाहीत. वॉर्ड ऑफिसात आता पुन्हा जाणार नाही असं नाही, अर्ज देणारच आहे, पण या वेळी त्यात ‘उद्यान विभाग आणि घनकचरा विभाग’ असं स्पष्ट लिहीन. गाडीवरच्या सेविकेचा यात काही दोष नाही, हेही. त्याची एक प्रत मुकादमाच्या हातात देईन.

मावशींना मात्र कागद काय दाखवणार. घंटा सातला वाजते. साडेसहालाच फाटक उघडून उभी राहते.