ध चा घ

आत्याचा फोन. "अरे, तुमच्या त्या मदतीच्या पानावर लिहिलंय, बटण दाबून घरा. दाबून झालं की घरी जायचं का?"

पान मीच लिहिलं होतं. 'दाबून धरा.' पण अक्षर 12 पिक्सेलचं, वर ठळक केलेलं. ध च्या डोक्यावरची फट त्यात बुजून गेली. आनंदीबाईंच्या नावावर 'धरावे'चं 'मारावे' जमा आहे. तिथे म्हणे हेतू तरी होता.

तेव्हापासून फॉन्ट निवडताना मी सुविचार टाकून बघत नाही. मदतीच्या पानांत रोज लागणारे शब्द टाकतो: धरा, रद्द, शिल्लक, आणि सगळ्यांवर वरताण म्हणजे 'कोपऱ्यातील'. 'वरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके' हे शब्द नसलेलं मदतीचं पान मी तरी पाहिलेलं नाही. त्या ऱ्या मधला अर्धा र कच्च्या फॉन्टात पाय मोडून सुटा उभा राहतो. घाईत कोणी साधा र दाबला तर त्याचा रफार होतो, आणि दऱ्यांचा दर्या. 'रद्द'चंही तसंच, जोडाक्षर 18 पिक्सेलला छान दिसतं, 12 ला नुसता डाग.

'शिल्लक' टाकतो तो श आणि ल साठी. आपला ल पाकळ्यांचा, हिंदीचा दांडीचा. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, तर चांगला फॉन्ट मराठी वळण आपसूक काढतो. ही नोंद करायचं मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही, माझ्याही राहिलं नव्हतं.

विंडोज 2000 बरोबर आलेल्या, र. कृ. जोशींच्या 'मंगल' फॉन्टवर माझी पिढी पडद्यावरचं मराठी वाचायला शिकली. त्याच्याबद्दल माया आहे, पण नव्या पानासाठी मी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' घेतला. आकार 18, आणि ओळींत भरपूर हवा. इंग्रजीला पुरते तेवढ्या जागेत आपल्या वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत जाऊन अडकतो.

पान आत्याला पाठवलं.

"आता दिसतंय?"

"हो, धरा दिसलं. पण ते तीन ठिपके कुठेयत?"

ठिपके खरंच बारीक होते. ते काढणारा माणूस पलीकडच्या टेबलावर बसतो. त्याला आत्याचा नंबर दिला.