कॉलेज बॅटरांची पारख: शुक्रवार, मंगळवार आणि चेंडूंची अक्षरं

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे संघ जुलैमधल्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडतात; त्यासाठी मी कॉलेज बॅटरांची जी क्रमवारी लावतो, तिचा पायाच या खेपेला बदलला. आतापर्यंत स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचं) प्रमाण, वॉकचं (चार बॉल मिळून फुकट पहिला बेस मिळण्याचं) प्रमाण, आयसोलेटेड पॉवर (लांब फटक्यांची ताकद) आणि वय या चार गोष्टींवर गुण ठरायचे. त्या चारही अजून आहेत. पण आता प्रत्येक प्लेट अपिअरन्सला (बॅटिंगच्या पाळीला) समोर पिचर (चेंडू टाकणारा) कोण होता, हे पाहून वजन दिलं जातं.

याचं कारण कॉलेजच्या वेळापत्रकात आहे. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या सर्वांत वरच्या गटात, ३०० च्या आसपास संघ, फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होणारा मोसम आणि नियमित मोसमात फार तर ५६ सामने. शनिवार-रविवारला जोडून तीन सामन्यांची मालिका असते आणि तिचा पहिला सामना शुक्रवारी. त्या रात्री संघाचा सर्वांत भारी पिचर उभा राहतो, म्हणूनच ‘फ्रायडे स्टार्टर’ ही पदवी आहे. मंगळवार-बुधवारी जवळच्या एखाद्या छोट्या कॉलेजशी सामना असतो आणि तिथे बहुतेक वेळा नवखे किंवा राखीव पिचर दोन-दोन इनिंग टाकून जातात. मोसमाच्या बेरजेत मात्र दोन्ही दिवसांचे होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) सारखेच मोजले जातात. मला हे फार दिवस खुपत होतं.

शुक्रवारचेच आकडे वेगळे काढून यादी लावावी असा मोह होतो, पण तसं करता येत नाही. रोज खेळणाऱ्या बॅटरला अख्ख्या मोसमात अडीचशेच्या आसपास प्लेट अपिअरन्स मिळतात, त्यातले शुक्रवारचे जेमतेम साठ. साठांतल्या सरासरीला (बेसबॉलमध्ये ती हिटचं प्रमाण असते) काही अर्थ नाही, दोन ब्लूप सिंगल (हलकेच उडून मोकळ्या जागेत पडलेले फटके) इकडचे तिकडे झाले की ती पार बदलते. स्ट्राइकआउटचं प्रमाण मात्र लवकर स्थिरावतं. मेजर लीगच्या आकड्यांवर झालेल्या अभ्यासात त्याला साधारण ६० आणि वॉकला १२० प्लेट अपिअरन्स पुरतात असं दिसलं आहे. म्हणून शुक्रवारचा हिशेब मी फक्त स्ट्राइकआउटसाठी वापरतो. पॉवर सगळ्या दिवसांची घेतो, पण पिचरच्या दर्जाप्रमाणे वजन लावून, आणि कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटाच्या) सरासरीकडे थोडी ओढून.

वजन लावल्यावर छोट्या कॉन्फरन्समधली बरीच नावं खाली सरकली. ते अपेक्षितच होतं. पण जॅक कॅग्लियनोनसारख्या बॅटरचं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला. माझ्या मते या छंदातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे.

२०२४ मध्ये फ्लोरिडाकडून त्याने ०.४१९ च्या सरासरीने ३५ होम रन मारले. स्ट्राइकआउटच्या दुपटीहून जास्त वॉक. आणि हे सगळं एसईसीमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वांत कठीण कॉन्फरन्समध्ये. नुसता स्कोअरकार्ड पाहिला तर या मुलाच्या शिस्तीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरी ड्राफ्टच्या आधी स्काउट (संघांचे पारखी) एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते: तो झोनबाहेरच्या (स्ट्राइक धरला जातो त्या चौकटीबाहेरच्या) चेंडूंमागे फार धावतो. त्याचा हात इतका चांगला की तसल्या चेंडूंनाही बॅट लागते, आणि ॲल्युमिनियमची बॅट असली की लागलेला चेंडू दूर जातो. त्यामुळे वाईट निर्णय स्ट्राइकआउटच्या रकान्यात उमटतच नाही. वॉकमध्येही जाणूनबुजून दिलेले बरेच होते. कॅन्सस सिटीने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं, जून २०२५ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला आणि त्या मोसमात त्याची सरासरी ०.१५७ राहिली. एका मोसमावरून त्याचा निकाल लावणं अन्यायाचं होईल, त्याच्यातली ताकद खरी आहे. पण स्काउटांना जे दिसलं ते आपल्या आकड्यांत का दिसत नाही, हे मला शोधायचंच होतं.

संघांकडे ट्रॅकमॅन या चेंडू टिपणाऱ्या यंत्रणेचा डेटा असतो, त्यात प्रत्येक चेंडू झोनमध्ये होता की बाहेर हे कळतं. तो आपल्यासाठी उघडा नाही. आपल्याकडे असतं ते प्ले-बाय-प्ले, म्हणजे सामन्याची घटनावार नोंद. पण त्यात बहुतेक ठिकाणी प्रत्येक प्लेट अपिअरन्सच्या शेवटी कंसात काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक) आणि काही अक्षरं असतात, आणि मी इतके दिवस ती गाळून टाकत होतो. बी म्हणजे बॉल (झोनबाहेरचा, न खेळलेला चेंडू), के म्हणजे न फिरवता सोडलेला स्ट्राइक, एस म्हणजे फिरवून हुकलेला, एफ म्हणजे फाउल (बॅट लागून रेषेबाहेर गेलेला). एवढ्यावरून दोन गोष्टी निघतात: बॅटर शंभर चेंडूंपैकी किती चेंडूंवर बॅट फिरवतो, आणि फिरवल्यावर किती वेळा हुकतो.

झोन अजूनही कळत नाही, पण आडवाटेने जवळ जाता येतं. त्या पिचरचं एरवीचं स्ट्राइकचं प्रमाण माहीत असतं. ज्या बॅटरला सगळे घाबरतात त्याला खेळण्याजोगे चेंडू कमी मिळतात, तेव्हा त्याने बॅट फिरवण्याचं प्रमाणही उतरायला हवं. ते उतरलं नाही तर तो बाहेरचे चेंडू खेळतोय असं समजायला हरकत नाही. हा आकडा आता माझ्या यादीत वॉकच्या प्रमाणापेक्षा वर आहे. जाणूनबुजून दिलेले वॉक तर मी पूर्ण वगळले. काही कॉलेजांचे स्कोअरर अक्षरं भरत नाहीत, तिथल्या बॅटरांसाठी जुनंच सूत्र चालू आहे.

त्याच वर्षीचा निक कर्ट्झ याची दुसरी बाजू दाखवतो. जॉर्जियाच्या चार्ली कॉन्डनने ०.४३३ च्या सरासरीने ३७ होम रन मारले होते. त्याच्या शेजारी वेक फॉरेस्टच्या कर्ट्झचे ०.३०६ आणि २२ होम रन फिके वाटायचे. पण त्याचे वॉक होते ७८! कॉन्डन तिसरा गेला, कर्ट्झ चौथा, आणि वर्षभराच्या आत कर्ट्झ ॲथलेटिक्सकडून खेळत होता. २०२५ मध्ये ३६ होम रन, ह्यूस्टनविरुद्ध एकाच सामन्यात चार, आणि अमेरिकन लीगचा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू). स्ट्राइकआउटही त्याचे भरपूर झाले, पण कोणता चेंडू सोडायचा हे त्याला कॉलेजातच कळत होतं. वॉक भीतीपोटी दिलेले की धीराने मिळवलेले, हे अक्षरांमुळे थोडंफार वेगळं करता येतं, आणि या कामातला सगळा आनंद मला तिथेच मिळतो.

मैदानाचा परिणाम मी अजून ढोबळच धरला आहे. लास क्रूसेसमध्ये, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या आसपास, न्यू मेक्सिको स्टेटसाठी निक गोन्झालेसने २०१९ मध्ये ०.४३२ ची सरासरी राखली. विरळ हवेतल्या त्या धावा म्हणजे राजकोटच्या पाटा खेळपट्टीवरची रणजी शतकं. त्याच उन्हाळ्यात तो केप कॉड या कॉलेज खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये गेला, लाकडी बॅटने, समुद्राकाठी, देशातल्या निवडक पिचरांसमोर खेळला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२० मध्ये पिट्सबर्गने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं ते त्या उन्हाळ्याच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. २०२४ च्या ड्राफ्टमधला पहिला, ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस बझाना, हाही त्याआधीच्या उन्हाळ्यात केपचा सर्वोत्तम खेळाडू होता. तिथल्या प्लेट अपिअरन्सना मी आता कॉलेजच्या दीडपट वजन देतो.

घर आणि बाहेर अशी साधी तुलना मात्र करू नका. उत्तरेकडचे संघ थंडीमुळे पहिला महिनाभर दक्षिणेतच खेळतात आणि दक्षिणेतले बलाढ्य संघ तोच महिना घरी काढतात. दोघांचे ‘बाहेरचे’ सामने एकाच जातीचे नसतात.

जुन्या मोसमांवर चाचणी घेताना २०११ च्या मागे जाण्यात अर्थ नाही. त्या वर्षी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेने बॅटचे नियम कडक केले. २०१० मध्ये संघामागे सामन्याला ०.९४ होम रन पडायचे, ते २०१४ मध्ये ०.३९ वर आले. मग २०१५ मध्ये कमी उंचीच्या शिवणीचा चेंडू आला आणि आकडे पुन्हा चढले. म्हणून मी चाचणी २०१५ पासून धरली आहे.

पुढचं काम फिल्डिंगच्या जागेचं. उजव्या हाताने बॅटिंग करणारा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा फिल्डर) फक्त बॅटवर जगतो, त्याला चुकायला जागा नसते. कॅलिफोर्नियाच्या अँड्र्यू वॉनचे २०१८ मध्ये ०.४०२ च्या सरासरीने २३ होम रन आणि फक्त १८ स्ट्राइकआउट होते, तरी तिसऱ्या क्रमांकावर निवड होऊनही शिकागोत त्याचा जम बसला नाही. २०२० च्या ड्राफ्टमधला पहिला स्पेन्सर टॉर्कलसनही रुकी वर्षात ०.२०३ वर अडकला आणि नंतर सावरला. दोघांनाही माझं सूत्र आजही फार वर ठेवतं. कॅचर आणि शॉर्टस्टॉप या फिल्डिंगच्या अवघड जागांना किती गुण वाढवायचे आणि फर्स्ट बेसमनचे किती कापायचे, याचे आकडे मी कॉन्फरन्स स्पर्धा सुरू होण्याआधी पक्के करणार आहे. अक्षरं उलगडण्याचा कोड ‘बेसबॉल-आर’ या आर भाषेतल्या पॅकेजच्या वर बसवला आहे. ज्यांना छोट्या कॉन्फरन्सचे जुने मोसम तपासायचे असतील त्यांनी आधी बिग वेस्ट घ्यावी, ती माझ्याकडून अजून राहिली आहे.