केसच्या पंख्यांनी सीपीयूचं ऐकायचं नाही

रविवार, रात्री उशिरा

पीसीच्या केसवरच्या, म्हणजे बाहेरच्या डब्यावरच्या, पंख्यांचं काम आज एकदाचं मार्गी लागलं. मशीन तसं साधंच, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पुढे दोन आणि मागे एक असे १२० एमएमचे चार पिनवाले, म्हणजे वेग कमीजास्त करता येणारे पंखे. पण बायॉसमधे, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमधे, केसचे पंखे आधीपासून सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) तापमानाला बांधलेले होते आणि सगळी कटकट तिथेच आहे. ब्राउझरमधे एखादं जड पान उघडलं की प्रोसेसर दोन सेकंदात ४५ अंशांवरून ६५ वर, पान लोड झालं की परत खाली, आणि पंखे बिचारे त्याच्या मागे पळतायत, घूंऽऽ करून वर, मग खाली, मग परत वर. आवाज फार मोठा नसतो खरं तर. पण सारखा बदलतो ना, त्याचाच वैताग येतो, एकसुरी आवाज असला की थोड्या वेळाने तो चालू आहे हेच डोक्यातून जातं.

आणि केसच्या पंख्याचं काम काय तर आतली गरम हवा बाहेर काढणं. चिप दोन सेकंद तापली म्हणून केसमधली हवा तापत नाही, मधे उष्णता ओढून घेणारा एवढा मोठा धातूचा हीटसिंक बसलाय, तो तापायलाच वेळ लागतो. सीपीयूवरचा पंखा पळू दे हवा तेवढा, केसच्या पंख्यांनी कशाला धावपळ करायची? म्हणून पुढचे दोन हार्ड डिस्कच्या तापमानाला जोडले आणि मागचा मदरबोर्डच्या सेन्सरला. दोन्ही तापमानं एकदम संथ हलतात. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमधे, ५.६ आवृत्तीपासून ड्राइव्हटेम्प म्हणून मॉड्यूल आहे, ते लोड केलं की साटा डिस्कचं तापमान बाकीच्या सेन्सरसारखंच वाचता येतं, मग पीडब्ल्यूएमकॉन्फिग नावाचं टूल चालवायचं, ते एकेक पंखा थांबवून बघतं कुठला कशावर आहे, आणि पुढे फॅनकंट्रोल हे दुसरं टूल दर १० सेकंदांनी तापमान बघून ० ते २५५ मधला वेगाचा आकडा पंख्याला देत राहतं. थांबलेल्या पंख्याला सुरू व्हायला चालू ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो, त्याचा आकडा वेगळा द्यावा लागतो. मी तर पंखे पूर्ण थांबवतच नाही, अगदी हळू का होईना फिरत ठेवतो.

कारण गणित हळू पंख्यांच्या बाजूनेच आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर वाढतात फक्त ३. म्हणजे एक जोरात पळवण्यापेक्षा तीन रमतगमत फिरवलेले कधीही बरे. लोक एकच महागडा पंखा आणतात आणि तो फुल स्पीडला ठेवतात, मला काही ते कळत नाही.

एक त्रास मात्र आहे, कधी कधी रीबूटनंतर लिनक्सने सेन्सरना दिलेले हार्डवेअर मॉनिटरचे नंबर बदलतात, मग फॅनकंट्रोल कॉन्फिग (सेटिंगची फाइल) जुनी झाली म्हणून चालूच होत नाही आणि परत बायॉसचं राज्य. उलट डिस्कच्या जागी भलत्याच सेन्सरवर पंखे चालवण्यापेक्षा न चाललेलं बरं, त्यामुळे तक्रार नाही.

आता उरला प्रश्न उन्हाळ्याचा. पुण्यात एप्रिलमधे दुपारी खोलीच ३४-३५ ला असते, डिस्क काही न करता चाळिशी गाठते, म्हणजे पंखे वाढायची सुरुवात ३८ ला ठेवली तर ते कधी खाली येणारच नाहीत. म्हणून सुरुवात ४२ ला, फुल स्पीड ५० ला. तरी मे महिन्यात थोडे जास्त फिरतील, फिरू देत, तेव्हा छताचा पंखा पाचवर असतो, त्याच्या घरघरीत पीसी कुणाला ऐकू येतोय! डिसेंबरात तो बंद असतो तेव्हाच कान टवकारतात, पण तेव्हा खोली २०-२२ ला असते आणि केसच्या पंख्यांना फारसं कामच नसतं. म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी दोन वेगळ्या फाइली करणार होतो, त्याची गरजच नाही.

आता फक्त डिस्कची कुरकुर ऐकू येते. रबरी वॉशर बघतो मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणं झालं की.