हंफ्रीगंजचा रस्ता

सेल्युलर जेलच्या सातव्या विंगेत, वरच्या मजल्याच्या टोकाशी सावरकरांची कोठडी आहे. बाबांनी दाराशीच चपला काढल्या. ही कोठडी एकदा बघायची हे त्यांच्या मनात माझ्या जन्माआधीपासूनचं. ते आत जमिनीवर टेकले, डोळे मिटून बसले. मी बाहेर व्हरांड्याच्या गजांना धरून खालच्या अंगणाकडे बघत होते. माझ्या डोक्यात सावरकरांना इथे आणलं ते १९११ नव्हतं, १९४३ होतं.

अंदमानातला जपानी अंमल शाळेत आपण एका ओळीत संपवतो: जपानने बेटं घेतली, नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला. दोन्ही खरंच आहे. पण त्या ओळीत तिथे राहणारी माणसं कुठेच नाहीत.

२३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं, विरोध असा झालाच नाही. गोरे गेले, आता बरे दिवस येतील असं अनेकांना वाटलं. काही दिवसांतच सैनिक घरांत शिरून कोंबड्या उचलायला लागले, तेव्हा झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने छर्ऱ्याची बंदूक उडवली. इजा कुणालाच झाली नाही. तरी त्याला शोधायला घरं पेटवली गेली, आणि तो सापडल्यावर जमवलेल्या लोकांसमोर त्याचे हात पिरगाळून मोडले, मग गोळ्या घातल्या. कोंबड्यांवरून!

पुढे हेरगिरीचा संशय बोकाळला. १९४३ मध्ये ब्रिटिशांची एक छोटी तुकडी पाणबुडीतून खरोखरच गुपचूप बेटावर उतरली होती. जपान्यांची जहाजंही समुद्रात बुडत होती. बातम्या बाहेर जातात कशा, याचं उत्तर त्यांनी बाजारातल्या, कचेरीतल्या, शाळेतल्या माणसांत शोधलं आणि छळ करकरून कबुल्या मिळवल्या.

डॉ. दिवाण सिंग हे त्यांतलेच एक. पंजाबी कवी, लोकांचे डॉक्टर आणि जपानच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या स्वातंत्र्य संघाच्या (इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या) इथल्या शाखेचे प्रमुख. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना पकडून याच तुरुंगात आणलं. २९ डिसेंबरला नेताजी पोर्ट ब्लेअरला आले, ३० तारखेला जिमखाना मैदानावर झेंडा फडकवला. ते हा तुरुंगही बघून गेले. जपान्यांनी त्यांना कैद्यांपर्यंत पोहोचू दिलं नाही. दिवाण सिंग तेव्हा आतच होते, जिवंत. १४ जानेवारी १९४४ ला ते गेले.

हे मी बाबांना तिथेच जिन्यावर सांगितलं. नेताजींचा फोटो आमच्या घरात देवघराशेजारी आहे. बाबा काही बोलले नाहीत. खाली आल्यावर म्हणाले, "उद्या ते कुठलं गाव म्हणत होतीस, तिकडे जाऊ."

आमचा ड्रायव्हर तिथला 'लोकल', म्हणजे जुन्या कैद्यांच्या वंशातला. हंफ्रीगंज म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "वहाँ टूरिस्ट लोग नहीं जाते, दीदी." मग स्वतःच बोलायला लागला. आजी सांगायची, शेवटी शेवटी तांदूळ दिसेनासा झाला, लोक कंदांवर जगले, आणि रात्री मोटार थांबल्याचा आवाज आला की घरात दिवा विझवायचे.

नारळ-सुपारीच्या बागांमधून रस्ता जातो. ३० जानेवारी १९४४ ला ४४ जणांना तुरुंगातून इथे आणलं, खंदकाशी उभं केलं आणि गोळ्या घातल्या. त्यांतले बहुतेक स्वातंत्र्य संघाचेच, म्हणजे जपान्यांना मित्र समजून पुढे आलेले. नेताजी बेटावरून परतून तेव्हा एक महिना झाला होता. स्मारकाजवळ आम्ही तिघंच होतो. एवढी हिरवी जागा मला फार दिवसांत दिसली नव्हती. बाबा प्रत्येक पायरीवर थांबत वर गेले.

दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट. नेताजींनी अंदमान-निकोबारला शहीद आणि स्वराज ही नावं दिली होती, त्यातलं 'स्वराज' २०१८ पासून या बेटाला मिळालं आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, अन्न पुरेना म्हणून जपान्यांनी शेकडो माणसांना शेती करायला नेतो असं सांगून बोटींत भरलं आणि या बेटापाशी रात्री समुद्रात उड्या मारायला लावल्या. म्हातारे, बायका, मुलं. बहुतेक बुडाले. किनाऱ्याला लागले त्यांतलेही बहुतेक उपासमारीने गेले. सुटका करायला माणसं पोहोचली तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. सिंगापूरला युद्धगुन्ह्यांचे खटले चालले, काही अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या.

बोटीचा वेग कमी झाला तशी सगळी मंडळी फोटोसाठी डेकवर गेली. पाणी मोरपिशी, तळ दिसेल इतकं स्वच्छ. बाबा कठड्याला धरून किनाऱ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "इथून पोहत जायचं म्हणजे किती होईल गं?"